मोत्याचा आहेर



कामगारांच्या सभेत घसा फोडणाऱ्या माणसाने मोत्यांवर बोलावे, याचे पुष्कळांना हसू आले असेल. पण भाचीच्या लग्नात मामाने आहेर काय करावा, हा प्रश्न मोर्चे काढून सुटत नाही. बहिणीने निरोप धाडला, "दादा, नथ तुझ्याकडून, आणि मोती बसऱ्याचेच पाहिजेत." माझी शाळा सातवीतच सुटली. त्यामुळे काही घ्यावयाचे झाले की आधी त्यावरची पुस्तके धुंडाळावयाची, ही माझी जुनी खोड. आजचे बोलणे त्या धुंडाळण्यातूनच निघाले आहे.

बसरा हे इराकमधले बंदर. पण बसरा मोती निघे तो बहरैन, कुवेत, कतार यांच्या बाजूच्या समुद्रात. तेथून तो मुंबईस येई. मुंबईच्या बाजारात चाळण्यांनी त्याची प्रतवारी होई, भोके पडत, सर ओवले जात आणि मग माल जगभर जाई. भोके पाडणाऱ्या कारागिरांसाठी हैदराबादचेही नाव होते. आपले मुखेड 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. तेव्हा येथल्या चार पैसे गाठी असलेल्या माणसाने लग्नाच्या खरेदीस चारमिनारकडे वळणे साहजिकच होते. नथ, तन्मणी, चिंचपेटी, कुड्या यांतले मोती आपण मराठी माणसे इतके आपले मानतो, की ते परक्या समुद्रातून आले हे ध्यानातच राहत नाही. शेजारच्या उदगिरास 1760 साली सदाशिवरावभाऊंनी निजामावर विजय मिळविला. पुढल्याच वर्षी पानिपताची बातमी नानासाहेब पेशव्यांना सांकेतिक शब्दांत कळली, तेव्हा विश्वासराव आणि हेच भाऊ यांच्यासाठी शब्द योजला होता तो मोत्याचाच.

परंतु मोती काढणारा कोण? पहिल्या शतकातला एक ग्रीक प्रवासग्रंथ, 'पेरिप्लस', आपल्या पैठणचा आणि तेरचा उल्लेख करतो. त्याच ग्रंथात दक्षिणेच्या कोरकईजवळ मोती काढण्याच्या कामाला शिक्षा झालेले कैदी लावीत, असे लिहिले आहे. ते वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ तसाच बसलो.

आखातातला पाणबुड्या कैदी नव्हता, पण मोकळाही नव्हता. उन्हाळ्याचे चार महिने होडीवर. नाकाला चिमटा, पायाला दगड, कमरेला दोर. दिवसाकाठी पन्नासांहून अधिक बुड्या. सकाळी खजूर आणि कॉफी, पोटभर अन्न रात्रीच, कारण भरल्या पोटी बुडी मारता येत नाही. होडीचा मालक नाखुदा (आपला कोकणी नाखवा तो हाच शब्द) हंगामापूर्वी उचल देई. ती हंगामात फिटत नसे, आणि बाप मेला तर मुलाच्या डोक्यावर येई. उचल म्हणजे काय हे आपल्या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांना समजावून सांगावयास नको. बहरैनमध्ये 1920 नंतरच्या वर्षांत सरकारने उचलीला मर्यादा घातली, हिशेबाची वही सक्तीची केली. तरी 1932 साली उचल घटली म्हणून पाणबुडे उठलेच. माझ्या मते त्यांना उचल नको होती, मजुरी हवी होती. पण मजुरी म्हणून कोणी दिलीच नव्हती, तेव्हा मागणार काय?

त्याच वर्षी बहरैनमध्ये तेल लागले. तिकडे जपानात मिकिमोटो नावाच्या, नूडल्स विकणाऱ्याच्या मुलाने 1893 साली शिंपल्यात अर्धगोल मोती वाढवून दाखविला होता. पुढे पूर्ण गोल संवर्धित मोती ढिगांनी येऊ लागले. त्यात 1929 ची मंदी. न्यूयॉर्कमधला एक वाडा 1917 साली दोन सरांच्या नैसर्गिक मोत्यांच्या हाराच्या बदल्यात विकला गेला होता. त्या हाराची किंमत तेव्हा दहा लाख डॉलर धरली होती. 1957 साली तो सुमारे दीड लाखात गेला. आज बाजारात भरतो तो बहुतेक चिनी तळ्यांतला, गोड्या पाण्यातला मोती.

घेणाऱ्याने पाहावे ते पाणी, म्हणजे तेज, आकार नंतर. दातावर घासता खरा मोती किंचित खरखरीत लागतो, काचेचा गुळगुळीत. मात्र संवर्धितही खरखरीतच लागतो. त्याचा आणि नैसर्गिकाचा भेद क्ष-किरणांनीच नीट कळतो. अत्तर आणि लिंबू यांपासून मोती दूर ठेवावा.

आता माझी नथ. आजीची नथ आईने 1972 च्या दुष्काळात गहाण टाकली आणि दोन वर्षांनी सोडविली. तीच उजळून भाचीला द्यावी म्हणून हैदराबादेस नेली. कारागिराने भोकापाशी भिंग धरले आणि सहापैकी चार मोती बाजूला काढले. चारही काचेचे, भोकाच्या कडेला वरचा मुलामा उडालेला. सोडवून आणताना आईला ते कळले होते काय? विचारावयास ती आता नाही. सावकारही नाही.

उरलेले दोन मुंबईस तपासून घेतले. ते नैसर्गिक निघाले. जोडीला चार संवर्धित घेतले, आणि डबीत चिठ्ठी घातली : दोन आखातातले, चार तळ्यातले. बहीण महिनाभर बोलली नाही. भाची नथ घालते, आणि कोणी विचारले की कोणते दोन आजीचे ते बोट लावून दाखविते.