सार्वजनिक स्थळांचे नामकरण आणि इतिहासाचे ऋण

एखाद्या नगरातील रस्ते, उद्याने व पुतळे कोणाच्या नावे उभे आहेत हे पाहिले, म्हणजे त्या काळी सत्ता व संपत्ती कोणाच्या हाती होती ते कळते. पोर्ट लुईचे कंपनी उद्यान ह्याचे ठळक उदाहरण होय. तेथे १८६६ साली आद्रियँ देपिने ह्यांचा पुतळा उभारण्यात आला. तो घडविला त्यांचेच पुत्र, शिल्पकार प्रॉस्पेर देपिने ह्यांनी.

देपिने (१७९४–१८३९) हे निष्णात वकील होते. वसाहतीत मुद्रणस्वातंत्र्य यावे म्हणून त्यांनी खटपट केली व १८३२ साली ‘ल सेर्नेएँ’ हे वृत्तपत्र काढले. हे श्रेय त्यांना द्यावेच लागेल. परंतु त्यांची वाणी झिजली ती मुख्यतः मळेवाल्यांसाठी. गुलामगिरीचे विरोधक जॉन जेरेमी १८३२ साली सरकारी अधिकारी म्हणून बेटावर आले, तेव्हा त्यांच्याविरुद्ध मळेवाल्यांनी पुकारलेल्या बंदाचे नेतृत्व देपिने ह्यांनीच केले. गुलाम मुक्त होणार असतील तर मालकांना भरपाई मिळावी, ह्यासाठी त्यांनी लंडनमध्ये रदबदली केली. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली. ६०,००० हून अधिक माणसांच्या मोबदल्यात मालकांना २० लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. ज्यांनी चाबूक सोसला त्यांना मात्र एक पैही मिळाली नाही.

गिरमिटियांच्या वंशजांना ही कथा परकी नाही. मुक्त झालेल्यांची जागा भरण्यासाठीच हिंदुस्थानातून मजूर आणले गेले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाज आले आणि पुढे सुमारे साडेचार लाख माणसे ह्या बेटावर उतरली. त्यांत मुंबई बंदरातून निघालेली कोकणची मराठी माणसेही होती. नोंदवहीत प्रत्येकाला क्रमांक मिळाला. कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे नाव लिहिले गेले. म्हणूनच नावाचे मोल ह्या समाजाला कोणी शिकवावयास नको.

जेथे ते उतरले त्या जागेला ‘कुली घाट’ म्हणत. आज तोच ‘आप्रवासी घाट’ असून २००६ साली त्याची जागतिक वारसास्थळांत गणना झाली. येथे अवमानाचा शब्द गेला. परंतु दगडी पायऱ्या राहिल्या, नोंदी राहिल्या, आणि त्या शब्दाची आठवणही राहिली. पूर्वजांना ‘कुली’ म्हणत हे मुलांपासून लपविण्याचे कारण नाही.

देपिने ह्यांचा पुतळा हलवावा अशी मागणी वेळोवेळी झाली आहे. त्यावर, ‘अशाने इतिहास पुसला जाईल’, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप अगदीच पोकळ नाही. पुतळा गेला आणि त्याबरोबर भरपाईचा हिशेबही विसरला गेला, तर लाभ मळेवाल्यांच्याच स्मृतीला होईल. परंतु सन्मान वेगळा आणि नोंद वेगळी. नगराच्या उद्यानातील चौथरा हा सन्मान होय. संग्रहालयातील स्थान व त्याखाली लिहिलेला संपूर्ण वृत्तांत ही नोंद होय. पहिला काढून घेता येतो, दुसरी राखलीच पाहिजे.

ह्या प्रश्नात पहिला शब्द गुलामांच्या वंशजांचा आहे. त्यांच्याच रिकाम्या झोपड्यांत ज्यांच्या आज्या-पणज्यांनी चूल मांडली, त्यांनी त्या शब्दाला साथ देणे हे केवळ सौजन्य नव्हे, कर्तव्य होय.