अंग आंबते ते कशाने?

रोह्याजवळच्या अवचितगडावर किंवा पेणजवळच्या सांकशीवर शाळेची सहल गेली, की दम लागतो तो चढताना. मांड्या भरून येतात त्या मात्र गड उतरल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. ‘अंग आंबलं’ असे आपण म्हणतो. आंबणे म्हणजे आंबट होणे. आणि गंमत अशी, की शास्त्रज्ञांनीही या दुखण्याचा ठपका बरीच वर्षे एका आम्लावरच ठेवला होता.

ते आम्ल म्हणजे दह्यातले लॅक्टिक आम्ल. १९०७ साली केंब्रिजच्या फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी दाखवले, की बेडकाचा स्नायू विजेच्या धक्क्यांनी थकवला तर त्यात हे आम्ल साठते आणि ऑक्सिजन मिळाला की कमी होते. पुढे हिल आणि मायरहोफ यांना स्नायूंवरील संशोधनासाठी १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एवढे वजन पाठीशी असल्यावर आम्ल सर्वांच्या तोंडी बसले यात नवल नाही. प्रयोग बरोबरच होते. पण ते थकव्याचे होते, दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याचे नव्हते.

हा फरक त्याआधीच, १९०२ साली, थिओडोर हफ या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने ओळखला होता. बोटाने वजन ओढायला लावणारे एर्गोग्राफ नावाचे यंत्र वापरून त्याने सवय नसलेल्या स्नायूंचा अभ्यास केला. उशिरा येणारे दुखणे हे स्नायूच्या आत कुठेतरी होणाऱ्या फाटण्यामुळे असावे, असा त्याचा निष्कर्ष होता. आम्हाला वाटते, त्याच्याकडे फाटलेला धागा दाखवणारे साधन नव्हते, म्हणून त्याचे म्हणणे मागे पडले.

गड उतरताना नेमके काय होते? विहिरीतून भरलेली बादली ओढताना दंडाचा स्नायू आखडत जातो. तीच बादली दोर धरून सावकाश खाली सोडताना तो जोर लावतो, पण त्याच वेळी लांबतही जातो. उतारावर मांडीचे स्नायू असेच ताणले जात शरीराला आवरून धरतात. १९५२ साली अ‍ॅबट, बिगलँड आणि रिची यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून जोडल्या; एकाने पायडल मारायचे, दुसऱ्याने ते रोखायचे. रोखणाऱ्याला ऑक्सिजन कितीतरी कमी लागला. श्रम कमी आणि दुखणे मात्र जास्त, हे कोडे आम्लाने सुटणारे नव्हते.

१९८१ साली स्वीडनमध्ये फ्रिडेन आणि सहकाऱ्यांनी वारंवार जिना उतरलेल्यांच्या पोटरीचे सूक्ष्म तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. स्नायुतंतूंतील एरवी सरळ असणाऱ्या आडव्या रेषा विस्कटलेल्या दिसल्या. १९८३ मध्ये श्वेन यांच्या गटाने काही जणांना सपाट, तर काहींना उतरत्या पट्ट्यावर पळवले. सपाटीवर लॅक्टिक आम्ल वाढले, पण दुखले नाही. उतारावर दुखले, पण आम्ल वाढले नाही. व्यायामानंतर तासाभरात हे आम्ल बहुतेक निघून जाते, हेही आता ठाऊक आहे. तरीही ‘लॅक्टिक आम्लामुळे अंग दुखते’ हे वाक्य वर्गात ऐकू येतेच.

फाटणे हेही पूर्ण उत्तर नाही. सूज आणि हळवे झालेले चेतातंतू यांचाही वाटा असतो. तीच हालचाल आठवडाभराने पुन्हा केली तर दुखणे बरेच कमी होते; स्नायू पहिल्या वेळेतच सावरायला शिकतो. भातलावणीचे पहिले दोन-तीन दिवस कंबर धरते, पुढे धरत नाही, हा त्याचाच प्रकार असावा. म्हणून सुट्टीनंतर कबड्डीला परतलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी शंभर बैठका घालायला लावू नयेत. दुखणे फारच असेल आणि लघवी चहासारखी काळपट झाली, तर ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.

वर्गात हे तपासता येते. पायरीवर उजवा पाय आधी चढवायचा आणि उतरतानाही उजवाच आधी खाली टेकवायचा. म्हणजे शरीर उचलतो उजवा आणि सावकाश खाली सोडतो डावा. निरोगी मुलांनी पाच-सात मिनिटे हे करावे आणि कोणती मांडी दुखते, कधी दुखते, याची तीन दिवस वहीत नोंद ठेवावी.