दशांश चिन्हातली श्रुती

घरगुती संगणकावर हिंदुस्थानी सूर काढण्याची एक सोय एका ब्रिटिश यंत्राच्या माहितीपुस्तकात सापडते. सिंक्लेअर कंपनीने एप्रिल 1982मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम हा संगणक बाजारात आणला. त्याच्यासोबत स्टीव्हन व्हिकर्स यांनी लिहिलेले बेसिक भाषेचे पुस्तक मिळे. त्यातले एकोणिसावे प्रकरण 'बीप' या आदेशाचे आहे. आदेशाला दोन आकडे द्यायचे: स्वर किती सेकंद वाजवायचा आणि पियानोच्या मधल्या 'सी'पासून किती अर्धस्वर वर किंवा खाली. 0 म्हणजे सा धरला, तर 7 म्हणजे पंचम आणि 12 म्हणजे तार षड्ज. भारतीय संगीतासारख्या पद्धतीत अर्धस्वराहून लहान अंतरे वापरतात, तीही अपूर्णांक देऊन वाजवता येतील, असे व्हिकर्सनी त्याच प्रकरणात जाता जाता नोंदवले आहे. ज्या पुस्तकात नमुन्याची सुरावट महलरच्या पहिल्या सिंफनीतून घेतली आहे, तिथे ही नोंद अनपेक्षित वाटते.

या एका ओळीचे वजन कळायला मागे जावे लागते. पेटीचे स्वर आपल्या गायकीला जुळत नाहीत, ही तक्रार महाराष्ट्रात शंभर वर्षांहून जुनी आहे. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. त्यामुळे तिचा शुद्ध गंधार षड्जापासून 400 सेंटवर पडतो (एका अर्धस्वरात 100 सेंट), तर तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा गंधार 386 सेंटवर असतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910मध्ये सप्तकातल्या बावीस श्रुतींवर, म्हणजे सूक्ष्म स्वरस्थानांवर, इंग्रजीत पुस्तक लिहिले. ई. क्लेमंट्स या सनदी अधिकाऱ्याच्या साथीने त्यांनी इंग्लंडमधून खास श्रुतींची पेटी घडवून आणली. अब्दुल करीम खाँसारखा सुरेल गवई देवलांच्या पाठीशी होता. 1916च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत या पेटीची परीक्षा झाली, पण गवयांच्या प्रत्यक्ष स्वरांशी तिचे स्वर जुळले नाहीत. पुढे आकाशवाणीने 1940मध्ये पेटीवर बंदीच घातली आणि ती सैल व्हायला 1971 साल उजाडले.

बडोद्याच्या परिषदेमागचे प्रमुख सूत्रधार होते विष्णु नारायण भातखंडे. श्रुतींची जागा आकड्यांनी कायमची ठरवून टाकावी, हे त्यांना मान्य नव्हते. व्यवहारात त्यांनी बारा स्वरांवर भागवले आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत शेकडो बंदिशी स्वर आणि मात्रांच्या चौकटीत लिहून ठेवल्या. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर 1957मध्ये खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे कुलगुरू झाले. हे विद्यापीठ 1956चे आणि खैरागढ तेव्हा दुर्ग जिल्ह्यात मोडे. त्याच जिल्ह्यात, भिलाईला, फेब्रुवारी 1955च्या भारत-सोव्हिएत करारानुसार पोलादाचा कारखाना उभा राहत होता. 4 फेब्रुवारी 1959ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तिथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. एकाच जिल्ह्यात अशी पोलादाची आणि सुरांची शाळा जवळजवळ एकाच वेळी निघाली. त्या परिसरातल्या लोककलेने मात्र पेटीचा वाद कधी मनावर घेतला नाही. भिलाईच्या कारखान्यात नोकरी केलेल्या तीजनबाईंच्या पंडवानीला पेटीची साथ असते आणि ती कोणाच्या कानाला टोचत नाही.

भातखंड्यांची स्वरलिपी संगणकाला आयतीच सोयीची होती. प्रत्येक स्वराला चिन्ह, प्रत्येक मात्रेला घर. सा म्हणजे 0, कोमल रे म्हणजे 1, शुद्ध रे म्हणजे 2 असे आकडे नेमले आणि त्यांच्या शेजारी मात्रांची लांबी लिहिली की बंदिशीची आकड्यांची यादी तयार. प्रोग्रॅम ती यादी एकेक करून वाचतो आणि बीप करतो. आता गंधारासाठी 4ऐवजी 3.86, धैवतासाठी 9ऐवजी 8.84 आणि निषादासाठी 11ऐवजी 10.88 लिहिले, की देवलांनी ज्यासाठी विलायतेहून पेटी घडवून आणली, ते काम एका दशांश चिन्हाने होते. ब्रिटनमध्ये पोरांच्या खेळांसाठी खपलेल्या यंत्रात ही सोय होती.

आणि तरीही ते गाणे वाटत नाही. श्रुतीचा प्रश्न सुटल्यावर कळते की खरी अडचण तिथे नव्हतीच. स्पेक्ट्रमचा आवाज एकाच पातळीचा, चालू किंवा बंद एवढाच. एका वेळी एकच स्वर निघे आणि बीप चालू असताना संगणकाला दुसरे काही करता येत नसे. तंबोरा धरायचा तर दुसरे यंत्र हवे. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे, काढण्यासाठी फार तर प्रत्येक पायरीला थोडा आकडा वाढवत शेकडो लहान बीप एकामागे एक वाजवता येत. पण दर दोन बीपांमध्ये हिशेबापुरता खंड पडे आणि मींडेऐवजी जिना चढल्यासारखे टकटक ऐकू येई. भातखंड्यांच्या लिपीतही स्वर लिहिलेले असतात. एका स्वरातून दुसऱ्यात जाण्यासाठी कमानीसारखे चिन्ह असते, पण त्या कमानीखाली काय घडते ते गुरूच्या तोंडूनच घ्यावे लागते. संगणकाला तोंडी शिकवण देता येत नाही.

या बाबतीत बीबीसी मायक्रो पुढचा होता. 1984मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' या सरकारी योजनेत भारतातल्या सुमारे 250 शाळांत हे संगणक पोहोचले. त्यात तीन स्वर आणि एक खरखर अशा चार वाटा होत्या: दोन वाटांवर षड्ज-पंचम धरून ठेवता येत, तिसरीवर सुरावट, चौथीवर ताल. स्वराची पायरी पाव अर्धस्वराची, म्हणजे 25 सेंटची होती. आपल्या शास्त्रातली प्रमाण श्रुती सुमारे 22 सेंटची, म्हणजे हा योगायोग अगदी जवळचा. पण पायऱ्या ठरलेल्या असल्यामुळे 386वरचा गंधार तिच्यावर बरोबर बसत नाही, 375 किंवा 400वर जातो. त्याच्या 'एन्व्हलप' आदेशाला मात्र तब्बल 14 आकडे लागत. त्यांतून स्वर वाजत असतानाच त्याची उंची तीन टप्प्यांत बदलता येई, आवाज चढवता-उतरवता येई. आंदोलनाचा निदान भास तरी यातून होत होता. पण ही यंत्रे शाळेच्या कुलूपबंद खोलीत असत. घरात शिरला तो स्पेक्ट्रमच. 1988पासून डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने परवान्यावर 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' विकायला घेतला आणि त्याचे 50,000हून अधिक नग खपले.

भारताबाहेर तेव्हा वेगळाच बाजार भरला होता. 1982च्याच कमोडोर 64मध्ये बॉब यानेस यांनी रचलेली 'सिड' ही चिप होती. तिला तीन आवाज होते आणि कंपनाचे हजारो बारीक टप्पे, त्यामुळे रॉब हबर्डसारख्या रचनाकारांना सूर सहज घसरवता येत. भिलाईला भट्ट्या देणाऱ्या सोव्हिएत देशात स्पेक्ट्रमच्या नकला घरोघरी जोडल्या जात आणि त्यांच्यावरचे तीन आवाजांचे संगीत 1990च्या दशकातही हौसेने लिहिले जात होते.

भारतीय संगीताच्या बाबतीत सूर वाजवण्यापेक्षा सुरांचा विचार करवून घेण्यात संगणक लवकर उपयोगी पडला. बर्नार्ड बेल यांनी 1980च्या दशकाच्या प्रारंभी ॲपल टूवर 'बोल प्रोसेसर' लिहिला. तबल्याच्या लखनौ घराण्यातल्या कायद्यांचे व्याकरण तो मांडे आणि नवे पलटे तयार करी. संशोधक जेम्स किपेन ते पलटे उस्ताद आफाक हुसेन खाँना दाखवत आणि कोणता चालेल, कोणता नाही, ते खाँसाहेब सांगत. म्हणजे शिकवण तोंडीच, फक्त शिष्य यंत्र. आयआयटी कानपूरमध्ये शिकवलेले हरी सहस्रबुद्धे, गायिका वीणा सहस्रबुद्धे यांचे पती, यांनी हाच रस्ता रागासाठी धरला. प्रत्यक्ष गायनातून स्वरामागून स्वर कसा येतो ते टिपायचे आणि त्यावरून यंत्राकडून नवी स्वरवाक्ये काढून घ्यायची. दोन्ही प्रयोगांत ध्वनीची बाजू दुय्यम होती, आणि तेच शहाणपणाचे होते.

स्पेक्ट्रमची नक्कल करणारे प्रोग्रॅम आज कुठल्याही संगणकावर चालतात. बीप 2, 4 आणि लगेच बीप 2, 3.86 असे दोन आदेश देऊन, मागे तंबोरा लावून, दोन्ही गंधार ऐकून पाहावेत.