बळीचा बकरा

‘बळीचा बकरा’ हे शब्द आपण सहज वापरतो. परंतु जुन्या करारातील ज्या विधीची त्यावरून आठवण होते, त्यात दोष वाहणाऱ्या बकऱ्याचा बळी दिला जात नसे. लेवीय ग्रंथाच्या 16व्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवसाचे वर्णन आहे. चिठ्ठ्या टाकून दोन बकऱ्यांपैकी एक परमेश्वराला अर्पण केला जाई. दुसऱ्याच्या मस्तकावर दोन्ही हात ठेवून अहरोनाने प्रजेची पापे कबूल करायची आणि मग त्याला जिवंतच रानात सोडायचे. पाप आमचे आहे, बकऱ्याचे नव्हे, ही कबुलीच त्या विधीचा गाभा होती.

माणसाने मात्र वारंवार ही कबुली गाळली आणि बकऱ्याच्या जागी माणूस उभा केला. 1347 साली युरोपात प्लेग शिरला. ज्यूंनी विहिरींत विष कालवल्याची आवई उठली. छळ करून तसे जबाबही वदवून घेतले गेले. 14 फेब्रुवारी 1349 रोजी स्ट्रासबर्ग येथे शेकडो ज्यूंना जाळण्यात आले. त्या वेळी त्या शहरात साथ पोहोचलीही नव्हती! ज्यूंच्या ऋणकोंची कर्जे मात्र फिटली.

पोप सहावे क्लेमंट यांनी 1348 सालीच आज्ञापत्रे काढून बजावले होते की, ज्यूही याच रोगाने मरत आहेत आणि जेथे ज्यू नाहीत तेथेही साथ आहे. मग ते दोषी कसे? जमावाने ऐकले नाही. तो जमाव बाप्तिस्मा घेतलेल्यांचा होता, हे आपण विसरता कामा नये. रोगाचा खरा जंतू 1894 साली हाँगकाँग येथे यर्सिन यांना सापडला.

फ्रेंच विचारवंत रने झिरार (1923-2015) यांच्या मते, संकटात सापडलेला समाज एकावर दोष लादून एकजूट साधतो. पुराणकथा जमावाची बाजू घेतात. शुभवर्तमान मात्र बळी गेलेल्याचे निर्दोषत्व जाहीर करते. राष्ट्र वाचवण्यासाठी एकाने मरावे, असा सल्ला कयफाने दिला होता. त्याच क्रूसमृत्यूचा दोष ख्रिस्ती लोकांनी शतकानुशतके सरसकट ज्यूंच्या माथी मारावा, हा दैवदुर्विलास! 28 ऑक्टोबर 1965 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हा आरोप स्पष्टपणे नाकारला.

मिस्साच्या आरंभी आपण स्वतःच्या छातीवर हात मारून अपराध कबूल करतो. घरात वा गावात काही बिघडले की तोच हात दुसऱ्याकडे बोट दाखवू लागतो काय, हे प्रत्येकाने तपासून पाहावे.