त्वचा : विषहरण व चयापचय

शरीराला बाहेरून आच्छादणारे, प्रौढ माणसात सुमारे दीड ते दोन चौरस मीटर पसरलेले इंद्रिय. जंतूंपासून रक्षण, तापमानाचे नियमन, स्पर्शज्ञान आणि ड जीवनसत्त्वाची निर्मिती ही त्वचेची मुख्य कामे होत. विषारी द्रव्ये निकामी करून बाहेर टाकणे हे प्रामुख्याने यकृत व मूत्रपिंडांचे काम असून त्यात त्वचेचा वाटा अल्प आहे. चयापचयाशी मात्र तिचा जवळचा संबंध आहे.

घाम : त्वचेत 20 ते 40 लाख घर्मग्रंथी असतात. घामात सुमारे 99 टक्के पाणी असते. उरलेल्या भागात मीठ, थोडा युरिया, लॅक्टेट आणि जड धातूंचे अंश असतात. घाम गाळून शरीरातील विष निघून जाते, या समजुतीला आधार नाही. घामाचे खरे काम शरीर थंड ठेवण्याचे. एक लिटर घाम अंगावर वाळला, तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता निघून जाते. मुंबईत मे आणि ऑक्टोबरच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता निथळतो. घर्मछिद्रे तुंबून घामोळे उठते. परळ-लालबागच्या कापडगिरण्यांत सूत तुटू नये म्हणून साचेखात्यातील (विणकाम विभागातील) हवा मुद्दाम दमट ठेवली जाई. तिथल्या कामगाराच्या अंगाला निवण्याची वाटच उरत नसे.

उटणे : दिवाळीच्या अभ्यंगस्नानातील तेल-उटण्याने त्वचा मऊ होते आणि मृत पेशींचा थर निघतो. त्याने रक्त शुद्ध होत नाही.

शोषण : त्वचेतून विष बाहेर पडण्यापेक्षा आत शिरण्याचा धोका अधिक गंभीर आहे. गोरेपणाच्या काही बेकायदा मलमांत पारा असतो. तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघांना असे मलम वापरल्यामुळे मूत्रपिंडाचा विकार जडला. परळच्या केईएम रुग्णालयात झालेल्या तपासणीत मलमातील पारा उघडकीस आला आणि 2023 च्या आरंभी ही घटना सर्वांसमोर आली. भारताच्या 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार, डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता, नकळत मिसळलेल्या पाऱ्याचे प्रमाणही दशलक्ष भागांत एकापेक्षा जास्त चालत नाही.

ड जीवनसत्त्व : उन्हातील अतिनील-ब किरणांमुळे त्वचेतील एका कोलेस्टेरॉलजन्य द्रव्यापासून हे जीवनसत्त्व तयार होते. पुढे यकृतात आणि मग मूत्रपिंडात त्याला कार्यक्षम रूप मिळते. त्याच्याअभावी कॅल्शियमचे शोषण घटून हाडे कमजोर होतात. केईएमच्या अंतःस्रावी विभागाने मुंबईतील अकराशेहून अधिक निरोगी तरुणांची पाहणी करून 2011 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी सुमारे 70 टक्क्यांमध्ये या जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. बाहेर लख्ख ऊन असले, तरी दिवस बंद कार्यालयात आणि लोकलमध्ये गेला, तर ते त्वचेपर्यंत पोहोचत नाही. गडद त्वचेतील मेलॅनिनमुळेही ही निर्मिती सावकाश होते.

चयापचयाच्या खुणा : मानेच्या मागे आणि काखेत मखमलीसारखी जाड, काळसर त्वचा दिसणे याला अकँथोसिस निग्रिकन्स म्हणतात. बहुधा शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ही खूण असते. रक्तात वाढलेले इन्सुलिन त्वचेच्या पेशींच्या वाढीला चालना देते. घरोघरी हा काळेपणा मळ समजून लेकरांच्या माना लिंबू-बेसनाने घासल्या जातात. त्याने डाग जात नाही, उलट कातडी सोलवटते आणि मूल खजील होते. वजन आटोक्यात आले की तो पुष्कळदा फिका पडतो. पापण्यांवरील पिवळसर चट्टे रक्तातील वाढलेल्या कोलेस्टेरॉलकडे बोट दाखवू शकतात. जखम लवकर न भरणे मधुमेहाचे, तर अंगभर खाज सुटणे कावीळ किंवा मूत्रपिंडाच्या विकाराचे लक्षण असू शकते.

प्रतिबंध : घटकद्रव्ये किंवा उत्पादकाचे नाव न छापलेले मलम वापरू नये. मानेचा काळेपणा घासत न बसता रक्तातील साखर तपासून घ्यावी. ही साधी चाचणी महापालिकेच्या दवाखान्यांतही होते.