रहाटपाळणा : शब्दात उरलेला इतिहास

माळेगावच्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला देवस्वारीने सुरू होते. लातूरच्या सिद्धेश्वराची महाशिवरात्रीला. दोन्हीकडे दुरून आधी नजरेत भरतो तो पाळणा. आज सगळे त्याला आकाशपाळणा म्हणतात. जुना शब्द रहाटपाळणा. या यंत्राचे मूळ त्या शब्दातच आहे, असे माझे मत आहे. तो शब्द विसरला, की सगळे श्रेय परभारे अमेरिकेच्या खात्यावर जमा होते.

संस्कृत 'अरघट्ट', त्याचा आपला रहाट. चाकाला बांधलेली गाडगी एकीकडून भरून वर येतात, दुसरीकडून रिकामी खाली जातात. गाडग्यांच्या जागी पाळणे टांगले, की झाला रहाटपाळणा. मराठवाड्यात शेतावर मोट होती, रहाट उरला घरच्या आडावर. तरी पाळण्याला नाव रहाटाचेच मिळाले. (मोटेचे मिळणार तरी कसे? मोट गोल फिरत नाही.)

लेखी पुरावा दूरचा आहे. पीटर मुंडी या इंग्रज प्रवाशाने १६२० मध्ये ऑटोमन राज्यातल्या फिलिपोपोलिसला, म्हणजे आजच्या बल्गेरियातील प्लोव्हडिव्हला, असे पाळणे पाहून त्यांचे वर्णन लिहिले. हाच मुंडी पुढे १६३० च्या भीषण दुष्काळात सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला गेला.

जॉर्ज फेरिसचे चाक शिकागोत उभे राहिले ते १८९३ साली. उंची २६४ फूट, डबे ३६, प्रत्येकात ६० माणसे. त्याच्या आदल्याच वर्षी विल्यम सॉमर्स याने अमेरिकेच्या समुद्रकिनाऱ्यांवर लाकडी चाके उभारली होती. त्याने फेरिसवर दावाही लावला. फेरिसची करामत पोलादाची आणि आकाराची. कल्पना त्याची नव्हे.

आपल्या जत्रांतला जुना पाळणा चार पाळण्यांचा, लाकडी. त्याला इंजिन नाही. फिरवणारा गडी आऱ्यांवर चढायचा, वर आलेल्या दांडीला लोंबकळून ती अंगाच्या वजनाने खाली आणायचा आणि जमीन जवळ आली की हात सोडून पुढची दांडी धरायचा. समोरासमोरचे पाळणे सारख्या वजनाचे असले, तर त्याला फक्त आसाच्या घर्षणाशी झगडावे लागे. एका बाजूला थोराड माणसे आणि दुसऱ्या बाजूला पोरे बसली, तर मधला फरक दर फेरीला त्याच्या दंडांवर. म्हणून गिऱ्हाइकाला नुसते पाहून वजन ताडणे, ही त्या धंद्यातली खरी विद्या. फेरिसचे नाव जगाला पाठ आहे. या गड्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

सुटे करून गावोगाव नेता येणारे लोखंडी चाक विल्यम सलिव्हनने १९०० मध्ये इलिनॉयमध्ये चालवले. आपल्या जत्रेतला आजचा पाळणा त्याच जातीचा, वर जनरेटर आणि रंगीत दिवे. पण माळेगावला पाळणेवाल्याकडे नीट पाहा. एक पाळणा भरला की तो शेजारचा भरत नाही. चाक अर्धे फिरवतो आणि समोरचा भरतो.