वणव्याच्या धुरामुळे आजारी पडल्यास कॅलिफोर्नियात दाद कशी मागतात?

७ जानेवारी २०२५ रोजी लॉस एंजेलिसजवळच्या अल्टाडेना परिसरात 'ईटन फायर' हा वणवा पेटला. सदर्न कॅलिफोर्निया एडिसन या वीज कंपनीच्या वीजवाहिन्यांमुळे तो लागला, असा आरोप करत अनेकांनी खटले भरले आहेत.

धुरामुळेच दमा किंवा हृदयविकार बळावला, हे सिद्ध करणं अवघड असतं, कारण या आजारांना इतरही कारणं असतात. त्यामुळे आधीचे आणि नंतरचे मेडिकल रिपोर्ट, औषधांची बिलं आणि त्या दिवसांतल्या हवेच्या गुणवत्तेची नोंद महत्त्वाची ठरते.

दाव्याची मुदत साधारणपणे २ वर्षं असते. सरकारी यंत्रणेविरुद्ध मात्र आधी ६ महिन्यांत लेखी दावा द्यावा लागतो. वकील बहुतेकदा आगाऊ फी न घेता भरपाईतून ठरलेला हिस्सा घेतात. मुदत टळली, तर पुरावे भक्कम असूनही दावा फेटाळला जाऊ शकतो.